सिमसिमा बयूमी हिची साखर

मांजराची आरोग्यवही ठेवणं माझ्या हुद्द्याला शोभतं का, यावर मी पूर्ण दोन मिनिटं विचार केला आणि मग वही आणायला गेलो.

हुद्दा लहान नाही. अलेक्झांड्रिया शहराच्या सांडपाणी खात्यात मी दप्तरखान्याचा प्रमुख आहे. कुठल्या गल्लीच्या पोटातून कुठली मोरी कोणत्या साली गेली, ते सांगणारे कागद बावीस वर्षं माझ्या किल्लीखाली आहेत. या बावीस वर्षांत एकही पान हरवलेलं नाही. लोक म्हणतात, मोऱ्या तुंबतात. तुंबत असतील. पण त्यांच्या नोंदी कधी तुंबल्या नाहीत.

तर सिमसिमाला मधुमेह निघाला. सिमसिमा म्हणजे आमची मांजर. खरं म्हणजे आमची नव्हे, सासूबाईंची. चार वर्षांपूर्वी माझे सासरे हज्ज बयूमी वारले, रशीद गावातलं घर आवरलं आणि सासूबाई, म्हणजे हज्जा इनायत, आमच्याकडे राहायला आल्या. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या: एक वेताची खुर्ची, एक तांब्याचं पातेलं आणि ही पिवळी-पांढरी मांजर. सासऱ्यांना ती नदीकाठी मासळीच्या जाळ्यात गुरफटलेली सापडली होती. तेव्हापासून ती त्यांच्या मांडीवर वाढली. ते गेल्यावर तिनं मांडी बदलली, एवढंच. सकाळी सासूबाई खुर्चीत बसल्या की सिमसिमा त्यांच्यावर बसते, आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची, बाई आणि मांजर मिळून एकच फर्निचर होतं.

डॉक्टर गिहान या जनावरांच्या डॉक्टर. तिशीतली शांत बाई. त्यांनी कानाच्या कडेला सुई टोचून थेंब कसा काढायचा, पट्टीवर कसा घ्यायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, "दिवसातून चार वेळा. सकाळ, दुपार, तिसरा प्रहर, संध्याकाळ. आकडा लिहून ठेवायचा. तुमच्या आकड्यांवरून मी इन्सुलिन ठरवणार. कमी पडलं तर ही हळूहळू जाईल, महिन्याभरात. जास्त झालं तर तासाभरात. म्हणून आकडे नीट हवेत, उस्ताद."

आकडे नीट हवेत, हे त्या कोणाला सांगत होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं. मोठी माणसं अशा वेळी गप्प बसतात.

सासूबाईंनी मात्र गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "म्हणजे वहीवर तिचा जीव?"

"हो, हज्जा."

"मग वही चांगली आण."

आता, आमच्याकडे मधुमेह हा साखरेनं होत नाही. तो दुःखानं होतो. माणसाला मोठा धक्का बसला, कुणी जिव्हारी लागेल असं बोललं, की साखर रक्तात उतरते, हे आमच्या गल्लीत डॉक्टरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे सिमसिमाला काय झालं, हे कळल्यावर कुणीही तिचा आकडा विचारला नाही. सगळ्यांनी एकच विचारलं: तिला कुणी दुखावलं?

याचं उत्तर घरात तयार होतं. महिन्याच्या तीन तारखेला मी कोचावर ठेवलेल्या सरकारी फायलीवर सिमसिमानं लघवी केली होती, आणि मी तिला ओरडलो होतो. मधुमेह निघाला नऊ तारखेला.

"सहा दिवस," वरच्या मजल्यावरच्या उम्म तामर बोटं मोजत म्हणाल्या. "माझ्या चुलतभावाला चारच दिवस लागले होते. बायकोच्या भावानं अपमान केला होता."

मी समजावून सांगितलं की मधुमेहात लघवी जास्त होते. म्हणजे आजार आधी, फाईल नंतर, ओरडणं त्याच्याही नंतर. क्रम पाहा. तारखा पाहा.

"तारखा तुम्हालाच माहीत, उस्ताद," उम्म तामर म्हणाल्या. "पण ओरडलात ना?"

ओरडलो होतो. काय ओरडलो तेही जिन्यात ऐकू गेलं होतं. मी त्या मांजराच्या दिवंगत आईविषयी बोललो होतो. माझी बायको सौसन शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे शास्त्राची बाजू घेईल अशी माझी अपेक्षा होती. तीसुद्धा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू तिची माफी माग. बिघडतंय का काही?"

मी माफी मागितली नाही. मी वही काढली. काही पुरुषांची माफी मागायची तीच पद्धत असते.

वही बांधीव, लाल कोपऱ्यांची, दोनशे पानांची. रकाने आखले: तारीख, वेळ, आकडा, इन्सुलिन, खाणं, नोंद घेणाऱ्याची सही, शेरा. शेऱ्याचा रकाना मी रुंद ठेवला. बावीस वर्षांचा अनुभव सांगतो, सत्य नेहमी शेऱ्यात असतं.

पहिला घोटाळा मुखपृष्ठावर झाला. औषधाच्या दुकानात डॉक्टर वगीह यांनी इन्सुलिन देण्याआधी आपलं रजिस्टर उघडलं. "रुग्णाचं नाव?"

"सिमसिमा."

"वडिलांचं? आजोबांचं?"

"मांजर आहे."

"असेल. रकाना मांजर बघत नाही. तीन नावं लागतात."

रकान्याचा मान माझ्याइतका कोण ठेवणार? मी माझंच नाव पुढे जोडून सांगितलं, सिमसिमा रिफअत अब्दुलहाफिज. वय अकरा. वजन पाच किलो दोनशे. त्यांनी लिहून घेतलं, मान हलवली आणि "अल्ला तिला बरं करो" असं म्हणून डबी दिली. वहीवरही मी तेच नाव घातलं, कारण दोन दप्तरांत दोन नावं असणं ही अराजकाची पहिली पायरी.

दुपारी सासूबाईंनी मुखपृष्ठ वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"अब्दुलहाफिज कोण?"

"माझे वडील, हज्जा."

"तुझ्या वडलांनी तिला काय केलं? जाळ्यातून काढली माझ्या नवऱ्यानं. दूध पाजलं माझ्या नवऱ्यानं. सात वर्षं त्याचं खाल्लं, आणि आता आजारी पडल्यावर तिला तुझ्या घराण्यात घालतोस?"

मी खोडलं आणि लिहिलं: सिमसिमा बयूमी. खोडल्याच्या जागी सही केली. दुसऱ्या आठवड्यात इन्सुलिन आणायला गेलो तेव्हा डॉक्टर वगीह यांनी वही पाहून दोन्ही नावं ताडून घेतली आणि औषध द्यायला नकार दिला. एकीच्या नावावर दुसरीला औषध देता येत नाही. मी वडील बदलल्याचा लेखी अर्ज दिला, स्वतःच्या हस्ताक्षरात, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातला एक साक्षीदार उम्म तामरचा नवरा. तो जे वाचतो ते त्याच दिवशी बायकोला सांगतो, आणि उम्म तामर जे ऐकतात ते गल्लीला. तिसऱ्या दिवशी दम्मामहून आमच्या मुलाचा, हाझिमचा, फोन आला.

"बाबा," तो फार सावकाश बोलत होता, "मला अकरा वर्षांची बहीण आहे का?"

"मांजर आहे."

"लोक म्हणतायत, तुम्ही तिला तुमचं नाव लावायला नकार दिलात."

असो. मोठ्या कामात माणसाच्या अब्रूला थोडे ओरखडे पडतातच.

सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा मी घ्यायचो. सिमसिमा कान मागे पाडायची, मी टोचायचो, ती मला चावायची, मी शेऱ्यात लिहायचो: "रुग्णाचं सहकार्य मर्यादित." दुपारी मी कचेरीत आणि सौसन शाळेत, म्हणून दुपारचे दोन आकडे सासूबाईंकडे. मला वाटलं होतं त्या कुरकुर करतील. पण त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "मी हयातभर बदकं कापली, रिफअत. एका थेंबाचं काय घेऊन बसलास."

मी भारावलो. कारण स्वतः सासूबाई या यंत्राला नऊ वर्षं टाळत होत्या. रशीदच्या डॉक्टरनं त्यांना "साखर आहे" म्हणून सांगितलं होतं. नवरा होता तोवर तो त्यांना वेळेवर गोळी द्यायचा. तो गेला आणि गोळ्याही गेल्या. सौसन दर शुक्रवारी विनवायची, आणि दर शुक्रवारी एकच उत्तर यायचं: "माझी साखर मी रशीदलाच सोडून आले." अशा बाईनं मांजरासाठी सुई उचलली. त्यांचं अक्षर मोठं, थरथरतं, पण नोंद वेळेवर. ठीक बारा चाळीस, ठीक साडेतीन. एकही दिवस चुकला नाही. माझ्या हाताखाली चार कारकून आहेत. मी ती पानं त्यांना नेऊन दाखवली.

अडचण एकच होती. आकडे विचित्र होते.

सकाळी सिमसिमा दोनशेच्या आसपास. संध्याकाळी एकशे ऐंशी. आणि मध्ये, दुपारी, तीनशे दहा. तीनशे चाळीस. डॉक्टर गिहान पेन्सिलीनं पान ठोकत म्हणाल्या, "इन्सुलिनचा जोर दुपारी असतो. तेव्हा आकडा पडायला हवा. हिचा चढतो. आकडे खात्रीचे आहेत ना, उस्ताद?"

या ठिकाणी मी क्षणभर थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी ताठ बसलो.

"मॅडम," मी म्हणालो, "माझ्या दप्तरात चूक नसते."

त्यांनी डोस अर्ध्या मात्रेनं वाढवला.

दुपारचा आकडा चढतो म्हणजे दुपारी कुणीतरी मांजराला खायला घालतं. मी शेऱ्यांचा अभ्यास केला. गुरुवारी आकडे सर्वांत जास्त. उम्म तामरच्या भाचीचं लग्न झालं त्या गुरुवारी तर चारशे अकरा. मांजर लग्नाला गेली नव्हती. म्हणजे लग्न मांजराकडे आलं होतं. आणि ते कशातून आलं असेल, हे शोधायला डोकं लागत नाही. आमच्या बाल्कनीसमोरून उम्म तामरची टोपली दिवसातून दहादा खालीवर जाते. वरून दोरीनं सोडायची, खालच्या दुकानदारानं पाव, अंडी, कोथिंबीर भरायची, की वर ओढायची. ती टोपली आमच्या कठड्याशी रेंगाळते, हे मी स्वतः पाहिलं होतं.

मी घरात मध, साखर, काकवी, खजूर, सगळं बंद केलं. कपाटाला कुलूप लावलं. मग एक दिवस रजा काढून पडद्याआड बसलो. सव्वाबाराला टोपली उतरली. मी हात घालून पकडली. आत एक पुडी होती. उघडली. आत भिजवलेल्या शेंगदाण्यांएवढे छोटे मासे होते.

वरून आवाज आला, "उस्ताद रिफअत? ते सिमसिमासाठी आहेत. पीठ न लावलेले. डॉक्टरीणबाईंना विचारूनच पाठवले."

"आणि बसबूसा?" मी विचारलं. रव्याची, पाकात बुडालेली ती वडी त्यांच्या घरी दर गुरुवारी होते.

"बसबूसा मांजर कशाला खाईल?"

मी वर मान करून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा सुरात, आजारी जिवाशी खेळण्यावर चार वाक्यं बोललो. यापुढे ही टोपली आमच्या कठड्याला टेकता कामा नये, असंही बजावलं. टोपली हळूहळू वर गेली. इतक्या अपमानित चालीनं वर जाणारी टोपली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आत सासूबाई खुर्चीत बसून होत्या. सिमसिमा मांडीवर. "तिची चूक नाही, रिफअत," त्या म्हणाल्या.

"मग कोणाची?"

त्यांनी सिमसिमाला जवळ ओढलं. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. सौसननं विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, मुलुखियाची पालेभाजी चिरताना लागलं. मुलुखिया महिन्यात दोनदा होते. पट्ट्या रोज बदलत होत्या. मी दप्तरखान्याचा प्रमुख, पण हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.

आकडे उतरले नाहीत. डोस पुन्हा वाढला. डॉक्टर गिहान या वेळी जरा घुटमळल्या. "मला हे पटत नाहीये," त्या म्हणाल्या. "सकाळी ही बरी दिसते. पण तुमची वही म्हणते तर..."

"वही म्हणते," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटपून मी गरम भाकऱ्या घेऊन घरी आलो. एक वाजायला पाच मिनिटं होती. सौसन स्वयंपाकघरात भात शिजवत होती. सासूबाई खुर्चीत होत्या, पण मांडी रिकामी होती. सिमसिमा खाली फरशीवर, एका कुशीवर. पाय हवेत हलत होते, पोहल्यासारखे. डोळे उघडे, पण कुठे पाहत होते कळत नव्हतं.

"आत्ताच उतरली," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "उडी मारली आणि पडली."

मी वही ओढली. आजची नोंद होती. बारा चाळीस, दोनशे शहाण्णव, सही.

दोनशे शहाण्णव. साखर चढलेली. वाढीव डोस देऊनही चढलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीनशेच्या जवळ जाऊन मांजर ढासळली तर जादा मात्रा लागू शकते, मला फोन करा. मी फोन लावला. लागेना. शुक्रवार. वही समोर होती. मी फ्रिज उघडला, डबी काढली, पिचकारी भरली. माझे हात अगदी स्थिर होते. नोंद असली की माझे हात कधीच कापत नाहीत.

गुडघे टेकून मी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरली, तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या. चार वर्षांत त्या हाताचा आधार न घेता उठलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको."

"हज्जा, दोनशे शहाण्णव आहे."

"ते माझं आहे."

मला कळलं नाही.

"ते रक्त माझं आहे, रिफअत. सगळं. दुपारचं सगळं माझं आहे." त्या पट्ट्या लावलेली बोटं माझ्यासमोर धरून उभ्या होत्या. "पहिल्या दिवशी मी सुई तिच्या कानाला लावली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुला चावते, मला चावली नाही. नुसतं पाहिलं. मला नाही झालं ते. मी म्हटलं, एका घरातल्या दोघी, एकाच खुर्चीत बसतो, रक्तात काय फरक असणार. बोट टोचलं."

सौसन दारात आली होती. तिच्या हातात भाताचं झाकण होतं.

मी पिचकारी बाजूला ठेवली. सुई बदलली, सिमसिमाच्या कानाला टोचलं. तिनं कान हलवलासुद्धा नाही. यंत्रानं पाच सेकंद घेतले. मी बावीस वर्षांत इतका वेळ कशाची वाट पाहिली नव्हती.

एकतीस.

"मध," सौसन म्हणाली. "हिरड्यांना मध लावायचा असतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मध कुठे आहे?"

मध मी घरातून हद्दपार केला होता. साखर कुलपात होती. किल्ली माझ्या खिशात असायला हवी होती. ती कचेरीच्या कोटात होती, आणि कोट कचेरीत. मी कुलूप ओढलं. मी चांगलं कुलूप आणलं होतं.

मी बाल्कनीत धावलो आणि वर मान केली. ज्या कठड्यावरून मी चार वाक्यं बोललो होतो, त्याच कठड्यावरून.

"उम्म तामर! गोड काहीतरी! लवकर!"

त्यांनी एक शब्द विचारला नाही. दोरी इतक्या वेगानं सुटली की टोपली कठड्यावर आपटली. आत काकवीची बाटली होती, अर्धी, झाकण आधीच काढलेलं.

सासूबाई फरशीवर बसल्या. फरशीवर बसायला त्यांना डॉक्टरांची मनाई आहे, म्हणजे असती, त्या डॉक्टरकडे गेल्या असत्या तर. त्यांनी बोटावरच्या पट्ट्या दातांनी काढल्या, बोट काकवीत बुडवलं आणि सिमसिमाच्या ओठाआड घातलं. हिरडीवर हळू फिरवलं. पुन्हा बुडवलं. "चाट ग," त्या म्हणत होत्या. "चाट ग बाई. बयूमी काय म्हणेल मला? एक मांजर सांभाळता आली नाही म्हणेल."

भात करपल्याचा वास आला. सौसन तिथून हलली नाही.

मग सिमसिमानं ते बोट चावलं. जोरात नाही, पण चावलं. आणि मग चाटलं.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "आता मलाही चावते."

पंचवीस मिनिटांनी आकडा अठ्ठ्याऐंशी होता. तो मी वहीत लिहिला, आणि अक्षर माझं आहे असं आजही कुणाला पटत नाही.

डॉक्टर गिहान यांनी सुट्टी असून दवाखाना उघडला. सिमसिमाला तपासलं, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवलं, तिनं तिथे ताबडतोब मऊ टॉवेलावर झोप काढली. मग त्यांनी वही मागितली. मी दिली. काय झालं ते सांगितलं. सांगताना मी भिंतीवरच्या कुत्र्यांच्या जातींच्या तक्त्याकडे पाहत होतो.

त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मला वाटलं, रागावतील. मला रागावून घ्यायचं होतं.

"मांजराचा डोस मी पहिल्यासारखा करते," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळचे आकडे पाहता ती मुळात बरी होत होती. बरी होणाऱ्या मांजराला मी तीन आठवडे जादा औषध देत होते. कारण मी दुसऱ्याच कुणाची साखर वाचत होते." त्यांनी दुपारच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही जी बाई आहे, बारा चाळीस आणि साडेतीनची. तीनशे चाळीस, तीनशे सत्तर, गुरुवारी चारशे अकरा. हिला आज माणसांच्या डॉक्टरकडे न्या, उस्ताद. उद्या नको."

सौसननं आईचा हात धरला. मला एकदम बसबूसाचा गुरुवार आठवला. मांजर लग्नाला गेली नव्हती. सासूबाई गेल्या होत्या.

"मी जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथे रागावतात. काय खाल्लं, का खाल्लं. ही मुलगी रागावत नाही."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, हज्जा."

"मग? तीन आठवडे बघतेस ना मला?"

डॉक्टर गिहान हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हज्जा, एक सांगते. माझ्याकडे येणाऱ्या माणसांत कुणी इतक्या वेळेवर नोंदी ठेवत नाही. एक दिवस चुकला नाही तुमचा. ही वही कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो रागावणार नाही. त्याला काय करायचं ते यातच कळेल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वही चांगली आहे ना?"

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं दप्तर होतं. निम्म्या ओळी चुकीच्या जिवाच्या. त्यावर विसंबून मी एका मांजराला मारायला निघालो होतो. पण प्रश्न वहीचा होता.

"नंबर एक आहे, हज्जा," मी म्हणालो.

त्या आल्या. माणसांच्या इस्पितळात खिडकीवरच्या कारकुनानं वही उलटीपालटी केली. "रुग्ण सिमसिमा बयूमी. वय अकरा. रंग पिवळा-पांढरा," त्यानं मोठ्यानं वाचलं आणि सासूबाईंकडे नजर टाकली. मी ओळखपत्र काढून दप्तर म्हणजे काय, खोडलेल्या नावाखालची सही म्हणजे काय, आणि एका वहीत दोन रुग्ण कसे असू शकतात, हे त्याला समजावून सांगितलं. आमच्या मागे चौदा माणसांची रांग होती. रांग आमच्या बाजूनं होती. एक म्हातारा म्हणाला, "कशाचं दुःख झालं होतं मांजराला?" आणि सगळी रांग वळून माझ्याकडे पाहू लागली, जणू त्यांना कुणी आधीच कळवलं होतं.

आता नवी वही आहे. बांधीव, लाल कोपऱ्यांची. पान मधून आखलं आहे, डावीकडे सिमसिमा बयूमी, उजवीकडे इनायत बयूमी. दुपारचे आकडे उम्म तामर येऊन घेतात. टोपली पुन्हा आमच्या कठड्याशी रेंगाळते, आणि मी रोज सकाळी तिला सलाम करतो, ती रिकामी असली तरी. सिमसिमा गेल्या महिन्यापासून एकशे तीसवर आहे. सासूबाई एकशे नव्वदवर आहेत आणि त्याबद्दल गोळ्यांना दोष देतात.

संध्याकाळी दोन्ही आकडे मीच घेतो. सासूबाई सिमसिमाला मांडीवर घेऊन तिचे डोळे हातानं झाकतात, तिनं पाहू नये म्हणून. आधी कान. सिमसिमा मला चावते. मग बोट. सासूबाई चावत नाहीत, पण त्यांचा चेहरा तसा होतो.

काल दोन्ही आकडे लिहून मी वही मिटणार, तोच त्या म्हणाल्या, "थांब. शेरा राहिला."

"काय लिहू?"

"माझ्या बाजूला लिही. कारण."

मी पेन धरलं.

"लिही, दुःख." त्या सिमसिमाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, केसांच्या दिशेनं, एकदाही उलट नाही. "आणि तिच्या बाजूलाही तेच लिही. दोघींना एकाच दिवशी झालं. चार वर्षं झाली त्याला."

मी लिहिलं. डावीकडे आणि उजवीकडे.

"आणि पुढे लिही," त्या म्हणाल्या, "जावयामुळे नाही."

मी तेही लिहिलं. दोन्हीकडे. खाली सही करायला वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मोठ्या, थरथरत्या अक्षरात सही केली. मग सिमसिमाचा पुढचा पाय उचलून त्यांनी तो माझ्या शिक्क्याच्या शाईच्या गादीवर टेकवला, आणि डाव्या रकान्यात, अगदी चौकटीत, उठवला.